झोपेसाठी दहा तास

मायकल जॅक्सनची शेवटची रात्र आपल्याकडे दिवसाउजेडी गेली. लॉस एंजेलिसचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. २५ जून २००९ला तिथं मध्यरात्र उलटली तेव्हा बारामती-इंदापुरात दुपारचं ऊन होतं. तिथल्या भर दुपारी डॉक्टरांनी त्याला मृत घोषित केलं तेव्हा आपल्याकडे २६ तारखेच्या पहाटेचे तीन वाजायला चार मिनिटं कमी होती.

त्या वर्षी आषाढी एकादशी ३ जुलैला होती. तुकोबांची पालखी बारामती मागे टाकून इंदापूर तालुक्यातून पुढे निघाली होती. जून कोरडा चालला होता, पाऊस लांबला होता, आणि उसाच्या पट्ट्यातली माणसं आभाळाकडे बघत वारकऱ्यांची व्यवस्था करत होती. दिवसभर चालायचं, मुक्कामाला पोचायचं, भाकरी खायची, कीर्तन ऐकायचं आणि ताडपत्रीवर अंग टाकलं की झोपायचं, असा लाखभर माणसांचा दिनक्रम या तालुक्यात चालू असताना, जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गायकाला जवळजवळ दहा तास झोप येत नव्हती. म्हणून पुढचा सगळा घटनाक्रम मी आपल्या घड्याळानं मांडला आहे.

या रात्रीभोवती नंतर गूढाचं पीक आलं. माझ्या मते त्यात गूढ काहीच नाही. डॉक्टरनं दोन दिवसांनी पोलिसांना स्वतः दिलेला जबाब आहे, त्याच्या फोनची नोंद आहे, २०११च्या खटल्यातल्या साक्षी आहेत. हे तिन्ही शेजारी ठेवले की दिसतं ते एवढंच: एका माणसाला झोप हवी होती, दुसऱ्यानं पगार ठरवून ती द्यायचं कबूल केलं, आणि मध्ये थांबायच्या जागा एकामागून एक येत गेल्या.

२५ जून, सकाळ (लॉस एंजेलिस: २४ जूनची संध्याकाळ)

आपल्याकडे सकाळचे सात वाजले होते. पालखीच्या वाटेवर पहिला टप्पा सुरू झालेला. तिकडे लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटर या प्रचंड बंदिस्त स्टेडियममध्ये मायकल तालमीला पोचला होता.

तालीम होती लंडनच्या कार्यक्रमांची. ५ मार्चला त्यानं लंडनच्या ओ-टू अरीनामध्ये पत्रकारांसमोर येऊन ते जाहीर केले होते. सुरुवातीला दहा ठरले, तिकिटांवर उड्या पडल्या आणि आकडा पन्नासवर गेला. पहिला प्रयोग १३ जुलैला. वय पन्नास, मोठा दौरा करून बारा वर्षं झालेली, डोक्यावर कर्जाचा डोंगर. पन्नास प्रयोग म्हणजे त्या डोंगरातून बाहेर पडायची वाट होती, आणि ती वाट शरीराला झेपेल का हे विचारायला कुणी बसलेलं नव्हतं.

निदान एका माणसानं विचारलं होतं. १९ जूनला मायकल तालमीला आला तो थरथरत, थंडीनं काकडत, अर्धवट भानावर. दिग्दर्शक केनी ऑर्टेगानं त्याला घरी पाठवलं आणि रात्री आयोजकांना मेल लिहिला: याची प्रकृती ठीक नाही, याला मदत हवी आहे. दुसऱ्या दिवशी मायकलच्या घरी बैठक झाली. तिथं डॉक्टर कॉनराड मरे ऑर्टेगावरच उखडला. तुम्ही दिग्दर्शन बघा, डॉक्टरकी माझ्याकडे सोडा, असा त्याचा सूर होता. ऑर्टेगानं हे पुढे कोर्टात सांगितलं.

थांबायची ती पहिली जागा होती. पाच दिवस आधीची.

मधे विश्रांती मिळाल्यावर २३ आणि २४ जूनच्या तालमी मात्र उत्तम झाल्या. तो नाचला, गायला, सहकाऱ्यांना हायसं वाटलं. मध्यरात्रीनंतर तो घराकडे निघाला.

दुपारी १:३० (रात्री १:००)

होम्बी हिल्स नावाच्या श्रीमंत वस्तीतलं भाड्याचं घर. भाडं महिन्याला एक लाख डॉलर. वरच्या मजल्यावरच्या खोलीत डॉक्टर आधीच येऊन थांबला होता.

मरे हृदयरोगतज्ज्ञ. लास व्हेगास आणि ह्यूस्टनमध्ये त्याचे दवाखाने होते. भूल देण्याचं शिक्षण त्याच्याकडे नव्हतं. त्याचं ठरलेलं मानधन महिन्याला दीड लाख डॉलर, आणि तो करार अजून मायकलच्या सहीसाठी पडून होता. आपल्याकडच्या वाचकाला हा आकडा श्रीमंती वाटेल. मला तो या सगळ्यातला सर्वांत धोकादायक आकडा वाटतो. ज्याचं घर एकाच रोग्यावर चालतं, तो डॉक्टर त्या रोग्याला नाही कसं म्हणणार?

रोगी तर नाही ऐकायला तयार नव्हता. साधारण दोन महिन्यांपूर्वी त्यानं एका परिचारिकेला प्रोपोफॉल हे भुलीचं औषध मागितलं होतं. तिनं माहिती काढली आणि सांगितलं की हे घरी द्यायचं औषध नव्हे, यातून तुम्ही उठणार नाही. तिनं नकार दिला आणि तिचं येणं थांबलं. मरेनं होकार दिला आणि त्याची नेमणूक झाली.

त्याच्याच जबाबाप्रमाणे सुमारे सहा आठवडे तो जवळजवळ रोज रात्री मायकलला प्रोपोफॉल देत होता. शेवटच्या दोन-तीन दिवसांत त्यानं ते कमी करत आणल्याचा दावा केला. या सहा आठवड्यांत त्यानं रोग्याचा एकही केसपेपर लिहिला नाही. कोणतं औषध, किती, किती वाजता, काही नाही. म्हणून त्या रात्रीच्या मात्रा आपल्याला कळतात त्या त्याच्या तोंडूनच.

दुपारी २:०० ते ३:३० (रात्री १:३० ते पहाटे ३:००)

दोन वाजता व्हॅलियमची दहा मिलिग्रॅमची गोळी. झोप नाही.

अडीच वाजता लोराझेपाम दोन मिलिग्रॅम, सलाईनमधून. झोप नाही.

साडेतीनला मिडाझोलाम दोन मिलिग्रॅम, तेही शिरेतून. थोडा डोळा लागला आणि पुन्हा उघडला.

तिन्ही एकाच कुळातली औषधं. एकावर एक थर चढतो. त्यातलं एकेक मेंदूला शांत करतं, आणि सगळी मिळून श्वासाचा वेगही खाली ओढतात. तालमीवरून आलेल्या, भरपूर पाणी न प्यालेल्या, पोटात फारसं काही नसलेल्या माणसाला हे दिलं जात होतं.

या मधल्या तासांत खोलीत काही घडत नव्हतं. एक जण पडून होता, एक जण बसून होता. तो पडून असलेला माणूस इथवर कुठून आला, हे याच वेळात सांगून टाकतो.

गॅरी हे इंडियाना राज्यातलं पोलादाच्या भट्ट्यांचं गाव. तिथल्या दोन बेडरूमच्या घरात राहणाऱ्या कुटुंबात २९ ऑगस्ट १९५८ला त्याचा जन्म झाला. बाप पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा आणि संध्याकाळी मुलांना उभं करून तालीम घ्यायचा. सूर चुकला की पट्टा. पाच भावांचं जॅक्सन फाइव्ह उभं राहिलं ते असं. मायकल सर्वांत धाकटा गायक, पाच-सहा वर्षांचा असल्यापासून रात्री उशिरापर्यंत क्लबांत गाणारा. १९६९मध्ये मोटाऊन कंपनीनं त्यांची रेकॉर्ड काढली, आणि पुढच्या वर्षभरात त्यांची एकामागून एक चार गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता. शाळकरी पोरं ज्या वेळेला झोपतात त्या वेळेला हा कामावर असायचा. निद्रानाशाचा धागा कुठून सुरू होतो हे ठरवणारा मी कोण, पण मला तो इथंच सापडतो.

संध्याकाळी ५:३० (पहाटे ५:००)

पुन्हा लोराझेपाम, दोन मिलिग्रॅम. रोगी टक्क जागा.

एव्हाना पालखीच्या वाटेवर मुक्कामाची तयारी चालू असते. पाण्याचे टँकर येऊन लागलेले, राहुट्यांचे खुंटे ठोकलेले, गावातल्या बायका भाकऱ्यांच्या चळती घेऊन निघालेल्या. आरोग्य खात्याचं पथक कुठल्या तरी शाळेच्या वऱ्हांड्यात बसलेलं असतं. पायाचे फोड फोडून पट्टी करणं, गोळ्या देणं, गरज पडली तर सलाईन. सलाईन लावलेल्या माणसाजवळ तिथं कुणी ना कुणी बसून असतं. साधी गोष्ट आहे, म्हणून तर इथं लिहितो.

लॉस एंजेलिसच्या त्या खोलीत सलाईन चालू होतं आणि जागेपण वाढत होतं.

त्याची मागची गोष्ट पुढे नेतो. नोव्हेंबर १९८२मध्ये मायकलचा ‘थ्रिलर’ हा अल्बम आला आणि अमेरिकेच्या यादीत ३७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. मार्च १९८३मध्ये मोटाऊनच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात त्यानं ती मागे सरकणारी चाल करून दाखवली, आणि फेब्रुवारी १९८४मध्ये एकाच रात्री आठ ग्रॅमी पारितोषिकं घेतली. आपल्याकडे त्याचं इंग्रजी कुणाला समजत नव्हतं, पण चाल सगळ्यांनी उचलली. गणपतीच्या मांडवापुढच्या रेकॉर्ड डान्समध्ये, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, ऑर्केस्ट्रात, टोपी तिरकी घालून पाय घसरवणारा एक तरी पोरगा असायचाच. जो चांगला नाचेल त्याला गाव मायकल जॅक्सन म्हणायचं. ती पदवी होती, आणि ती मिळवायला कुठल्या भाषेची अट नव्हती.

पण त्या यशाच्या ऐन मधोमध एक तारीख आहे: २७ जानेवारी १९८४. पेप्सीच्या जाहिरातीचं चित्रीकरण चालू असताना आतषबाजीची ठिणगी त्याच्या केसांत पडली. तो काही क्षण तसाच नाचत राहिला. डोक्याची कातडी भाजली, शस्त्रक्रिया झाल्या, वेदनाशामक औषधं सुरू झाली. १९९३मध्ये त्यानं दौरा अर्ध्यावर सोडला तेव्हा या औषधांची सवय जडल्याचं स्वतः जाहीर केलं. भाजल्याची जखम भरली, औषधं राहिली. शेवटच्या रात्रीच्या कुप्यांपर्यंत जाणारी वाट त्या ठिणगीपासून निघते.

रात्री ८:०० (सकाळी ७:३०)

मिडाझोलाम, दोन मिलिग्रॅम. लॉस एंजेलिसमध्ये ऊन वर आलं होतं. झोप नाही ती नाहीच.

इकडे कीर्तनाला बसायची वेळ. पुढचे तीन तास त्या खोलीत विनवणी चालली होती. मायकल म्हणत होता, मला ‘दूध’ द्या. प्रोपोफॉल दुधासारखं पांढरं असतं म्हणून त्यानं त्याला ते नाव दिलं होतं. झोपलो नाही तर तालीम होणार नाही, तालीम झाली नाही तर लंडन रद्द करावं लागेल, असं तो सांगत राहिल्याचं मरेनं पोलिसांना सांगितलं.

थांबायची ही दुसरी जागा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी. सहा तासांत पाच मात्रा देऊनही माणूस जागा आहे, म्हणजे हा झोपेचा प्रश्न राहिलेला नाही, हे कुठल्याही डॉक्टरला कळायला हवं. त्या क्षणी त्याला गाडीत घालून रुग्णालयात नेता आलं असतं. रुग्णालय गाडीनं काही मिनिटांवर होतं.

हा माणूस एकदा आपल्या दारीही येऊन गेला होता. १ नोव्हेंबर १९९६, अंधेरीचं क्रीडासंकुल. शिवसेनेच्या शिव उद्योग सेनेसाठी केलेला तो कार्यक्रम. विमानतळावर नऊवारी नेसलेल्या सोनाली बेंद्रेनं त्याचं औक्षण केलं, राज ठाकरे स्वागताला होते, वाटेत तो मातोश्रीवर बाळासाहेबांना भेटून आला. मनोहर जोशींच्या सरकारनं कार्यक्रमाला करमणूक कर माफ केला आणि मुंबई ग्राहक पंचायत त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. तीन कोटींहून जास्त रकमेचा तो वाद पुढे चोवीस-पंचवीस वर्षं रेंगाळला. मायकल गेल्यानंतरही दशकभर महाराष्ट्राच्या फायलींत त्याचं नाव होतं. संस्कृतिरक्षणाची भाषा करणारे आणि पाश्चात्त्य पॉपवर टीका करणारे एकाच मांडवात त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते, यावर तेव्हा बरंच लिहिलं गेलं. माझ्या लक्षात राहतं ते वेगळं. चाळीशीच्या उंबरठ्यावरचा तो माणूस त्या रात्री हजारोंसमोर तासन्‌तास नाचला, आणि अशा रात्रींनंतर त्याला झोप लागत नसे. त्या दशकातल्या दौऱ्यांवर त्याच्यासोबत भूलतज्ज्ञ असायचे, हे पुढे न्यायालयांतल्या सुनावण्यांत समोर आलं.

त्याच्या आयुष्याची दुसरी बाजू टाळून हे लिहिता येणार नाही. १९९३मध्ये एका मुलाच्या लैंगिक शोषणाचा आरोप झाला, पुढच्या वर्षी पैसे देऊन तो दिवाणी दावा मिटवला गेला. २००५मध्ये दुसऱ्या मुलाच्या प्रकरणात फौजदारी खटला चालला आणि १३ जूनला ज्यूरीनं त्याला सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं. त्याच्या मृत्यूनंतर आणखी तक्रारदार पुढे आले. गाणी ऐकताना हे मनात येतं, यायलाच हवं. पण त्या रात्री बिछान्यावर जो होता तो एक रोगी होता, आणि रोग्याजवळ बसण्याचं डॉक्टरचं कर्तव्य रोगी कोण आहे यावर ठरत नाही.

रात्री ११:१० (सकाळी १०:४०)

मरेनं सांगितल्याप्रमाणे या वेळी त्यानं मायकलला प्रोपोफॉल दिलं. पंचवीस मिलिग्रॅम, शिरेला झोंबू नये म्हणून लिडोकेनसोबत.

हे औषध आपल्याला परकं नाही. बारामतीच्या कुठल्याही ऑपरेशन थिएटरमध्ये ते रोज वापरलं जातं. सोयाबीन तेल आणि अंड्यातल्या बलकाच्या लेसिथिनमध्ये घोळलेलं पांढरं पायस. सुई शिरेत गेली की रोगी आकडे मोजता मोजता अर्ध्यावर थांबतो. औषध थांबवलं की काही मिनिटांत जागा होतो, म्हणून डॉक्टरांचं ते आवडतं. पण अर्ध्या मिनिटात श्वास बंद पडू शकतो. त्यामुळे भूलतज्ज्ञ रोग्याच्या डोक्याशी बसतो आणि तिथून हलत नाही. हाताशी ऑक्सिजन, मास्क, फुगा, घशात घालायची नळी, सक्शन. बोटाला पल्स ऑक्सिमीटर, त्याची टिकटिक खोलीभर ऐकू येते आणि ऑक्सिजन खाली गेला की सूर उतरतो. भूलतज्ज्ञ कान त्या सुराला लावून काम करतात. सर्जन चहाला जाऊन येईल, भूलतज्ज्ञ जाणार नाही. तालुक्याच्या गावातल्या वीस खाटांच्या रुग्णालयातही हा नियम पाळला जातो, कारण तो मोडला की काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं.

होम्बी हिल्सच्या खोलीत बोटाला लावायचा एक छोटा ऑक्सिमीटर होता. त्याला आवाज करणारा अलार्मच नव्हता. तो बघायला समोर माणूस असावा लागतो.

आणखी एक गोष्ट. प्रोपोफॉलनं येते ती झोप नव्हे. स्वप्नं, कूस बदलणं, शरीराची रात्रीची डागडुजी, असं झोपेत जे घडतं ते भुलीत त्या रीतीनं घडत नाही. पुढे दिवाणी खटल्यात हार्वर्डच्या एका निद्रातज्ज्ञानं सांगितलं की साठ रात्री अशा काढणारा माणूस उपाशी ठेवल्यासारखा झिजत जातो. १९ जूनची थरथर त्यातूनच आली असावी.

फिर्यादी पक्षाचे तज्ज्ञ डॉ. स्टीव्हन शेफर यांनी तर पंचवीस मिलिग्रॅम ही मात्राच मान्य केली नाही. रक्तात सापडलेलं प्रमाण पाहता सलाईनमधून औषध सतत चालू राहिलं असणार, असं त्यांनी कोर्टात मांडून दाखवलं. बचाव पक्ष म्हणाला, डॉक्टर बाहेर असताना मायकलनं स्वतःच टोचून घेतलं. यातलं काहीही खरं धरलं तरी दोन्हींत एक गोष्ट समान आहे: खोलीत डॉक्टर नव्हता.

रात्री ११:४७ ते १२:२१ (सकाळी ११:१७ ते ११:५१)

मरेचं म्हणणं, तो दहा मिनिटं रोग्याजवळ बसला आणि मग दोन मिनिटं स्वच्छतागृहात गेला. त्याच्या फोनचं म्हणणं वेगळं.

११:४७ वाजता त्यानं एक मेल पाठवला. लंडनच्या कार्यक्रमांचा विमा उतरवणारे मायकलच्या तब्येतीची कागदपत्रं मागत होते, त्याला उत्तर. ११:४८ला लास व्हेगासच्या दवाखान्याशी फोन, बत्तीस मिनिटांचा. मग एका जुन्या रोग्याला निरोप. १२:२१ला ह्यूस्टनमधल्या एका मैत्रिणीला फोन. ती बोलत होती, पाच-सहा मिनिटांनी तिच्या लक्षात आलं की पलीकडून कुणी ऐकत नाही. तिला कुजबुज ऐकू आली, खोकल्याचा आवाज आला. तिनं हाका मारल्या, उत्तर आलं नाही.

बहुधा त्याच मिनिटाला मरेची नजर बिछान्याकडे गेली.

इंदापूर तालुक्यात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. कीर्तन संपून टाळ गळ्यातून उतरले होते.

रात्री १२:३५ ते १२:५६ (दुपारी १२:०५ ते १२:२६)

मायकलचा श्वास थांबला होता. अशा वेळी पहिलं काम रुग्णवाहिकेला फोन. महाराष्ट्रात १०८ तेव्हा आलेली नव्हती, ती २०१४ला आली. पण अमेरिकेत ९११ लहान पोरांनाही पाठ असतो.

मरेनं ९११ला फोन केला नाही. तो धावत जिन्यानं खाली आला आणि स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईला ओरडून सांगितलं की सुरक्षारक्षकाला वर पाठव. तिनं मायकलच्या थोरल्या मुलाला वर पाठवलं. १२:४२ला मरेनं मायकलच्या सहायकाला फोन लावला, तो उचलला गेला नाही, मग निरोप ठेवला: लगेच फोन कर. त्या निरोपात रुग्णवाहिकेचा उल्लेख नाही.

रक्षक वर पोचला तेव्हा डॉक्टर बिछान्यावरच, एका हातानं छाती दाबत होता. छाती दाबायची तर पाठीखाली कडक जमीन लागते. मऊ गादीवर दाबलं की गादीच दबते, हृदय नाही. प्रथमोपचाराच्या अर्ध्या दिवसाच्या वर्गात हे शिकवतात. रक्षकानं साक्षीत सांगितलं की मरेनं आधी कुप्या आणि सलाईनची पिशवी गोळा करायला लावली, आणि मग ९११ला फोन करायला सांगितलं.

तो फोन लागला १२:५० वाजता. म्हणजे मैत्रिणीनं हाका मारल्यापासून वीस मिनिटांहून जास्त वेळ गेला होता. रुग्णवाहिका सहा मिनिटांच्या आत दारात आली. इतकी ती जवळ होती.

पथकानं विचारलं, कोणती औषधं दिली? मरेनं लोराझेपामचं नाव घेतलं. प्रोपोफॉलचं घेतलं नाही.

रात्री १:२७ ते पहाटे २:५६ (दुपारी १२:५७ ते २:२६)

हृदयाची रेषा सपाट होती. हातपाय गार. १:२७ला रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वायरलेसवरून पथकाला सांगितलं की मृत घोषित करायला हरकत नाही. मरेनं मान्य केलं नाही. १:४३ला गाडी यूसीएलएच्या रुग्णालयात पोचली. तिथं तासाभराहून जास्त प्रयत्न झाले, हृदयाला आधार देणारा फुगा बसवून पाहिला. तिथल्या डॉक्टरांनीही औषधं विचारली, त्यांनाही प्रोपोफॉल सांगितलं गेलं नाही.

२:५६. घोषणा झाली.

पालखीच्या तळावर एवढ्या पहाटे जाग येऊ लागते. अंघोळी, काकडा, राहुट्या उतरवणं. सकाळी इंदापूरच्या चहाच्या टपऱ्यांवर टीव्हीवर तीच बातमी होती, आणि दिंड्या रस्त्याला लागल्या होत्या.

नंतर

ऑगस्टमध्ये कॉरोनरनं कारण जाहीर केलं: प्रोपोफॉलची तीव्र विषबाधा, सोबत इतर गुंगीच्या औषधांचा परिणाम. मृत्यू दुसऱ्याच्या हातून झालेला, असा शेरा. ७ नोव्हेंबर २०११ला मरेला निष्काळजीपणानं झालेल्या मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवलं आणि चार वर्षांची शिक्षा झाली. दोन वर्षांच्या आत, ऑक्टोबर २०१३मध्ये तो बाहेर आला.

त्याच महिन्यात दुसरा निकाल लागला. मायकलच्या आईनं लंडनच्या कार्यक्रमांच्या आयोजक कंपनीवर दावा लावला होता. ज्यूरीपुढे पहिला प्रश्न होता, डॉक्टर मरेला कंपनीनं नेमलं होतं का? ज्यूरीनं होय म्हटलं. दुसरा प्रश्न, ज्या कामासाठी नेमलं त्या कामाला तो अपात्र होता का? ज्यूरीनं नाही म्हटलं आणि दावा तिथंच संपला. लोकांना हा निकाल चमत्कारिक वाटला, पण ज्यूरी प्रश्नाला धरून वागली होती. मरेच्या करारात त्याचं काम ‘सर्वसाधारण वैद्यकीय सेवा’ असं लिहिलेलं होतं. रोज रात्री भूल देऊन झोपवण्याचं काम त्या कागदावर कुठंच नव्हतं.